अस्सल माल, काढलेली लिस्टिंग

२००८ च्या उन्हाळ्यात ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीबाबत दोन निकाल लागले. त्यांच्यात अंतर होते जेमतेम पंधरवड्याचे. ३० जूनला पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने लुई व्हितॉं, ख्रिश्चन डिऑर आणि एलव्हीएमएच समूहातल्या परफ्यूमच्या कंपन्यांना सुमारे ३.८६ कोटी युरोंची भरपाई द्यायला ईबेला सांगितले. १४ जुलैला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड सलिव्हन यांनी टिफनी या दागिन्यांच्या कंपनीचा ईबेविरुद्धचा दावा फेटाळला. हे दोन निकाल सहसा नकली मालाविरुद्धच्या लढाईचे दोन टप्पे म्हणून सांगितले जातात. फ्रान्सने ब्रँडची बाजू घेतली, अमेरिकेने बाजाराची. पण पॅरिसच्या निकालाचा एक भाग या चौकटीत बसत नाही. डिऑर, गेर्लें, जिव्हाँशी आणि केंझो यांच्या परफ्यूमबद्दलची तक्रार बाटल्या बनावट असल्याची नव्हतीच. बाटल्या अस्सल असल्या तरी त्या कंपनीने नेमलेल्या दुकानांबाहेर विकल्या जातात, अशी ती तक्रार होती, आणि न्यायालयाने तीही उचलून धरली. महागड्या ब्रँडच्या मालाच्या पुनर्विक्रीचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायचा तर याच भागापासून सुरुवात करायला हवी, असे मला वाटते. विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा हक्क कोणत्याही संसदेने काढून घेतलेला नाही. तो कायद्याच्या पुस्तकात शाबूत आहे. व्यवहारात मात्र तो एका तक्रार-अर्जाच्या मागे ढकलला गेला. न्यायालयात जे ब्रँडने सिद्ध करायचे असते, ते बाजारात विक्रेत्याला सिद्ध करावे लागू लागले, आणि तेही माल बाजारातून उठवल्यानंतर.

हा हक्क मुळात कसा मिळाला ते पाहिले की तो निसटणे किती गंभीर आहे हे कळते. १९०४ साली बॉब्स-मेरिल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. आत सूचना छापली होती की, या पुस्तकाची किरकोळ किंमत १ डॉलर आहे, कमी दराने विकण्याची परवानगी कोणालाही नाही आणि तशी विक्री झाल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कचे मेसीज हे मोठे दुकान तेव्हा स्ट्रॉस बंधूंच्या ताब्यात होते. त्यांनी पुस्तक ८९ सेंटला विकायला ठेवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. पुढच्याच वर्षीच्या कॉपीराइट कायद्यात हे तत्त्व लिहिले गेले. ट्रेडमार्कच्या बाजूनेही असेच घडले. १९२४ मध्ये कोटी या फ्रेंच परफ्यूम कंपनीचा माल विकत घेऊन तो लहान बाटल्यांत भरून विकणाऱ्या एका अमेरिकन व्यापाऱ्याविरुद्धचा खटला न्यायमूर्ती होम्स यांच्यापुढे आला. त्यांचा निष्कर्ष असा, की ट्रेडमार्कमुळे मालकाला एकच गोष्ट रोखता येते: दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवणे. मालाबद्दल खरे सांगण्यासाठी त्याचे नाव घेणे त्याला रोखता येत नाही. १९४७ मध्ये चॅम्पियन कंपनीचे जुने स्पार्क प्लग दुरुस्त करून विकणाऱ्यांचा प्रश्न आला. न्यायालयाने मूळ नाव प्लगवर राहू दिले; अट एवढीच घातली की 'दुरुस्त केलेला' किंवा 'वापरलेला' हे त्यावर स्पष्ट दिसले पाहिजे. सेकंडहँड माल नव्याइतका चांगला नसणार हे गिऱ्हाईक जाणते, हे न्यायालयाने इथे गृहीत धरले. या तीन निकालांतून एक साधी व्यवस्था उभी राहिली. वस्तू अस्सल असेल आणि विक्रेता खरे बोलत असेल, तर बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही. खोटेपणाचा आरोप करणाऱ्याने तो शाबीत करायचा.

युरोपात हाच हक्क मिळाला, पण त्याला कुंपण पडले. लिंझ इथल्या सिलुएट या ऑस्ट्रियन चष्मा कंपनीने १९९५ मध्ये फॅशनबाह्य झालेल्या २१ हजार फ्रेम बल्गेरियातल्या एका कंपनीला विकल्या. त्या फिरून ऑस्ट्रियातच आल्या आणि स्वस्त दुकानांची साखळी चालवणाऱ्या हार्टलाउअरने त्या विकायला काढल्या. फ्रेम अस्सल होत्या, कंपनीने स्वतःच्या हाताने विकलेल्या होत्या, तिला त्यांचे पैसेही मिळाले होते. तरीही १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की, ट्रेडमार्कवाल्याचा हक्क संपतो तो माल युरोपीय आर्थिक क्षेत्रात पहिल्यांदा विकल्यावरच. बाहेर विकलेला माल आत येणे तो रोखू शकतो. म्हणजे एकाच कारखान्यातल्या एकसारख्या दोन फ्रेमपैकी एक कायदेशीर आणि दुसरी बेकायदेशीर ठरू शकते, आणि फरक फक्त पहिले बिल कोणत्या देशात फाडले एवढाच. अमेरिकेतही असे कुंपण घालण्याचा प्रयत्न झाला. ओमेगाने आपल्या सीमास्टर घड्याळाच्या मागे अर्ध्या सेंटिमीटरहून लहान पृथ्वीगोलाचे चित्र कोरले आणि त्या चित्रावर कॉपीराइट घेतला. परदेशातून फिरून आलेली घड्याळे कॉस्ट्को या दुकानसाखळीने कमी दरात विकली, तेव्हा त्याच चित्राच्या आधारे दावा लावला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४-४ अशी विभागली गेली. प्रश्न सुटला २०१३ मध्ये. थायलंडहून आलेल्या एका विद्यार्थ्याने तिकडे स्वस्त मिळणारी पाठ्यपुस्तके नातेवाइकांकडून मागवून ईबेवर विकली होती. त्याच्या खटल्यात न्यायालयाने बहुमताने सांगितले की, पहिली विक्री जगात कुठेही झाली तरी कॉपीराइटवाल्याचा ताबा संपतो. ज्या बाजारावर लिस्टिंग रोज उडत होत्या, त्याच बाजारातल्या विक्रेत्याने हा विजय मिळवला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ईबेचा जन्म १९९५ चा. सॅन होजेमध्ये पिएर ओमिद्यार यांनी 'ऑक्शनवेब' या नावाने ती सुरू केली आणि सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंत १४.८३ डॉलरला गेलेला एक मोडका लेझर पॉइंटर होता. वापरलेल्या वस्तूंचा बाजार त्याआधी नव्हता असे नाही. गहाणवटीची दुकाने होती, धर्मादाय दुकाने होती, घर रिकामे करताना अंगणात मांडलेली विक्री होती. पण हा बाजार विखुरलेला होता आणि म्हणूनच ब्रँडच्या नजरेआड होता. ओहायोतल्या कोणा बाईने आपली पर्स गावातल्या दुकानात ठेवली तर पॅरिसमध्ये त्याची गंधवार्ताही नसे. ईबेवर मात्र ब्रँडचे नाव टाइप केले की जगभरातल्या पर्सा एका पानावर, किमतींसकट. ज्या धंद्याची इमारत किंमत कधीही न उतरवण्यावर आणि माल मोजक्याच काउंटरवर दाखवण्यावर उभी आहे, त्याला हे पान किती खुपले असेल ते समजता येते. त्याच पानाने बनावट माल करणाऱ्यांनाही जगभरचे गिऱ्हाईक मिळवून दिले, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यांना एकत्र बांधल्यामुळे झाला.

१९९८ मध्ये अमेरिकेने डिजिटल कॉपीराइटचा कायदा केला. त्यातल्या कलम ५१२ ने इंटरनेट कंपन्यांशी एक सौदा केला: कॉपीराइटवाल्याची तक्रार आली की मजकूर तत्परतेने काढा, म्हणजे तुमच्यावर भरपाईचा बोजा पडणार नाही. पण त्याच कलमात दुसऱ्या बाजूसाठीही वाट ठेवली होती. ज्याचा मजकूर काढला तो उलट नोटीस देऊ शकतो. ती दिल्यावर तक्रारदाराने न्यायालयात दावा लावला नाही, तर कामाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत ठेवायचा. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर भरपाईही लागते. ईबेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रँड आणि इतर हक्कदारांसाठी 'व्हेरो' नावाची योजना उभी केली. हक्कदाराने ठरावीक अर्ज भरायचा, आपल्या हक्काचा भंग होतो अशी आपली प्रामाणिक समजूत असल्याचे खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जोखमीवर लिहून द्यायचे, की लिस्टिंग निघते. टिफनीच्या खटल्यात नोंदवले गेले की ईबे बहुतेक लिस्टिंग १२ तासांत काढत असे, आणि तोवर या योजनेत १४ हजारांहून अधिक हक्कदार सामील झाले होते. डिझायनर मालाच्या बहुतेक तक्रारी असत ट्रेडमार्कच्या. आणि ट्रेडमार्कसाठी कलम ५१२ सारखे काही अमेरिकन कायद्यात नव्हते, आजही नाही. त्यामुळे अर्जाचा अर्धा भाग, म्हणजे काढण्याचा, ट्रेडमार्कलाही लागला; परत ठेवण्याचा अर्धा भाग मात्र कॉपीराइटपुरताच राहिला. पर्सची लिस्टिंग गेली की विक्रेत्याला तक्रारदाराचा ईमेल पत्ता मिळे आणि त्याच्याशी बोलून मिटवा असा सल्ला मिळे. ज्याने आरोप केला त्याच्याकडेच दाद मागायची. त्याने उत्तर दिले नाही तर पुढे दार नव्हते, आणि अशा नोंदी साचल्या की खातेच बंद होई.

लिलाव म्हणजे वेळेत बांधलेला व्यवहार, हे इथे विसरून चालत नाही. ईबेवरचा लिलाव तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांचा असे आणि खरी चढाओढ शेवटच्या दिवसात, किंबहुना शेवटच्या काही मिनिटांत होई. सहाव्या दिवशी लिस्टिंग निघाली आणि विक्रेत्याचे म्हणणे नंतर पटले, तरी लागलेल्या बोली परत येत नाहीत. पुस्तक छापणे थांबवले तर ते उशिरा का होईना छापता येते. लिलाव थांबवला की तो मोडलाच. म्हणून 'आधी काढू, नंतर पाहू' ही पद्धत कॉपीराइटच्या मजकुराला जितकी जाचक होती त्याहून लिलावाला अधिक जाचक ठरली. ज्या गोष्टीसाठी तक्रारदाराला एरवी न्यायालयातून मनाई हुकूम आणावा लागला असता, ती आता एका फॉर्मवर मिळू लागली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की बाजारात बनावट मालाचा पूर आला असताना दुसरे काय करायचे होते? आक्षेप पोकळ नाही. टिफनीने २००४ मध्ये ईबेवरून स्वतः १८६ वस्तू विकत घेऊन तपासल्या. त्यांतल्या १३६, म्हणजे ७३.१ टक्के, तिच्या मते बनावट निघाल्या. पुढच्या वर्षी १३९ पैकी १०५. खरेदीच्या पद्धतीत दोष असल्याचे न्यायाधीश सलिव्हन यांनी दाखवून दिले, तरी बनावट मालाचे प्रमाण मोठे होते हे त्यांनी मान्य केले. चांदीचे कानातले समजून पत्रा घेणाऱ्या माणसाची फसवणूक खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणीही बेफिकीर असू नये. पण याच खटल्यात टिफनीने आणखी एक मागणी केली होती, आणि मला ती सगळ्या वादाची किल्ली वाटते. एकाच विक्रेत्याने टिफनीचे पाच किंवा अधिक नग मांडले असतील तर माल बनावट समजून त्याला आपोआप रोखावे, असे तिचे म्हणणे होते. तर्क असा की टिफनीचा माल घाऊक मिळतच नाही, मग कोणाकडे पाच नग येतील कुठून? न्यायालयाला हे पटले नाही. पाच नग अस्सल असू शकतात. ते जमवणारा छंदिष्ट, दुकान बंद करणारा व्यापारी, वारशात मिळालेली पेटी विकणारा, असा कोणीही असू शकतो. टिफनीच्या मागणीत संख्येवरून खोटेपणा ठरत होता. नकली मालाविरुद्धची लढाई पुनर्विक्रीविरुद्धच्या लढाईत कशी मिसळते, ते इथे उघड दिसते: वस्तू न पाहता विक्रेत्याच्या स्वरूपावरून निर्णय. २०१० मध्ये अपिलातही टिफनी हरली. विशिष्ट लिस्टिंगची माहिती मिळाल्याशिवाय बाजार जबाबदार नाही, असे ठरले. ईबेसाठी हा विजय होता. विक्रेत्यासाठी मात्र या निकालात फारसे काही नव्हते, कारण विशिष्ट माहिती मिळाली की काढा, हे त्याने आणखी पक्केच केले, आणि ती माहिती चुकीची असेल तर काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

तो प्रश्न न्यायालयापुढे न्यायचा म्हणजे काय करावे लागे, हे कॉपीराइटच्या बाजूच्या काही खटल्यांतून दिसते, कारण तिथे निदान उलट नोटिशीची वाट होती. कोलोरॅडोतले एक जोडपे ईबेवर कापड विकत असे. त्यांच्या एका कापडावर बेटी बूप ही कार्टूनमधली बाई, एर्ते या चित्रकाराच्या शैलीतल्या झग्यात होती. एर्तेच्या चित्रांचे हक्क असलेल्या कंपन्यांच्या तक्रारीवरून लिलाव बंद झाला. जोडप्याने उलट नोटीस दिली आणि समोरून दाव्याची धमकी आल्यावर, वकील न घेता, आपल्याच राज्यात आधी दावा लावला. तक्रारदार कंपन्या दूरच्या. त्यांचा आक्षेप असा की कोलोरॅडोच्या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही. २००८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायाधीश नील गोरसच यांच्या लेखणीतून, तो फेटाळला: कोलोरॅडोतला धंदा थांबवण्यासाठी तुम्ही नोटीस पाठवलीत, तर कोलोरॅडोत उत्तर द्यायला या. सिॲटलच्या एका विक्रेत्याने ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती विकायला ठेवल्या. तक्रारींवरून त्याचे खाते बंद पडले. तो खालच्या न्यायालयात जिंकला, पण २०१० मध्ये अपिलात हरला, कारण ती प्रत 'विकलेली' नसून केवळ 'परवान्यावर दिलेली' आहे असे ठरले. उलट, संगीत कंपनीने जाहिरातीसाठी फुकट वाटलेल्या सीडी विकणारा एक जण २०११ मध्ये अपिलात जिंकला. जे जिंकले तेही वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून. ज्यांच्यापुढे दोनशे डॉलरच्या पर्सचा प्रश्न होता ते तिथे गेलेच नाहीत. न्यायालयात खटले कमी आले म्हणून चुकीच्या तक्रारी कमी होत्या असे कोणी म्हणेल, तर मला वाटते त्याने खटल्याचा खर्च आणि पर्सची किंमत शेजारी ठेवून पाहावी.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. ईबे ही खासगी कंपनी आहे. तिच्या दुकानात काय ठेवायचे हे ती ठरवेल, कोणाला तिथे विकण्याचा जन्मसिद्ध हक्क नाही. हे म्हणणे तेव्हा पटले असते, जेव्हा काढण्याचा निर्णय ईबेने स्वतःच्या धंद्याच्या अक्कलहुशारीने घेतला असता. प्रत्यक्षात तिच्यापुढचा हिशेब कायद्यानेच एका बाजूला कलवला होता. चुकीची लिस्टिंग राहिली तर कोट्यवधींची भरपाई. चुकीने काढली तर एका विक्रीचे कमिशन तेवढे जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये, परफ्यूमवरची बंदी नीट पाळली नाही म्हणून, पॅरिसच्या न्यायालयाने ईबेला १७ लाख युरोंचा दंड केला. असा दंड बसल्यावर कोणतीही शहाणी कंपनी शंकेचा फायदा विक्रेत्याला देणार नाही. २००८ ची ती भरपाई २०१० मध्ये अपिलात ५७ लाख युरोंपर्यंत उतरली आणि २०१४ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड जाहीर केली, पण तोवर यंत्रणा घडून गेली होती.

तिसरा आक्षेप ब्रँडच्या नावलौकिकाचा, आणि तो मी हलक्याने घेत नाही. परफ्यूम कंपनी नेमलेल्या दुकानांतच माल विकते त्यामागे केवळ भाव चढा ठेवण्याचा हेतू नसतो. बाटली किती जुनी, कुठे ठेवली, खोक्यावरची माहिती शाबूत आहे का, हे गिऱ्हाइकाच्या त्वचेशी संबंधित प्रश्न आहेत. लॉरिआल विरुद्ध ईबे या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जुलै २०११ मध्ये याची बरीच समतोल उकल केली. दुकानदाराला फुकट दिलेल्या टेस्टर बाटल्या विक्रीसाठी बाजारात आणलेल्याच नसतात, म्हणून त्या रोखता येतील. खोके काढल्याने आवश्यक माहिती नाहीशी होत असेल किंवा मालाच्या प्रतिमेला बाधा येत असेल, तर तेही रोखता येईल. पण ट्रेडमार्कचा हक्क व्यापाराच्या ओघात केलेल्या वापरापुरता आहे; घरातली एखादी वस्तू खासगी माणसाने विकली तर तो लागूच होत नाही. शनेलने व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड या न्यूयॉर्कच्या जुन्या फॅशनमालाच्या दुकानाविरुद्ध लावलेल्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने ४० लाख डॉलर दिले. त्यातही वादाचा एक मुद्दा दुकानांतल्या सजावटीसाठी बनवलेल्या, विक्रीसाठी नसलेल्या वस्तूंचा होता, आणि दुसरा चोरीला गेलेल्या क्रमांकांच्या पर्सांचा. हे निकाल मला योग्य दिशेचे वाटतात, कारण त्यांत कोणीतरी विशिष्ट वस्तू हातात घेऊन तिच्याबद्दल प्रश्न विचारले: ही विकली गेली होती का, कोणी विकली, कशी बदलली, विकणारा व्यापारी आहे की घरगुती? तक्रार-अर्जाला मात्र यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. 'टेस्टर' आणि 'बनावट' यांच्यासाठी त्याच्याकडे परिणाम एकच, आणि कपाट आवरणारी बाई व घाऊक धंदेवाला यांच्यासाठीही तोच.

या इतिहासाला मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईतून चालणारी बाझी डॉट कॉम ही लिलावाची कंपनी ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोणा विक्रेत्याने तिथे एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. तक्रारीनंतर ती निघाली तोवर काही प्रती विकल्या गेल्या होत्या, आणि कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्लीत अटक झाली. त्यांच्यावरची कारवाई न्यायालयांनी पुढे रद्द केली, पण त्या अटकेने हादरलेल्या उद्योगाच्या मागणीतून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ २००८ मध्ये बदलले. मध्यस्थ कंपनीला संरक्षण मिळाले, आणि त्याबरोबर तत्परतेने काढण्याची अटही. २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अट न्यायालयाच्या आदेशाशी किंवा सरकारी अधिसूचनेशी जोडली. कॉपीराइटबाबत आपल्या कायद्यात २०१२ पासून चांगली तरतूद आहे: तक्रारीवरून रोखलेला मजकूर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर परत खुला करता येतो. ट्रेडमार्कला अशी मुदत इथेही नाही. मात्र मूळ हक्काच्या बाजूने भारतीय न्यायालये उदार राहिली. सॅमसंगचे प्रिंटर परदेशातून आणून विकणाऱ्या कपिल वाधवा यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये जगात कुठेही झालेली पहिली विक्री मान्य केली. ॲमवेचा माल तिच्या परवानगीशिवाय ऑनलाइन विकण्यावर २०१९ मध्ये एकल न्यायाधीशांनी घातलेली मनाई जानेवारी २०२० मध्ये खंडपीठाने उठवली.

२०२० पासून ईबेने घड्याळे, बूट आणि मग पर्सा विक्रीनंतर स्वतःच्या तपासनिसांकडे पाठवण्याची सोय सुरू केली. वस्तू आधी तपासनिसाच्या हाती जाते, नंतर गिऱ्हाइकाकडे. लिस्टिंगऐवजी वस्तू तपासणे ही मला या पाव शतकातली सर्वांत अर्थपूर्ण सुधारणा वाटते. तिला मर्यादा आहेतच: ती ठरावीक किमतीच्या वरच्या मालापुरती आहे, आणि तक्रार-अर्ज तिच्या आधी येऊन लिस्टिंग घेऊन जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने अर्जालाच हात घातला. काढण्याचे कारण विक्रेत्याला लेखी द्यायचे; आक्षेप घ्यायला किमान सहा महिने वाट मोकळी ठेवायची; न्यायालयाबाहेर दाद मागण्यासाठी मान्यताप्राप्त संस्था असायला हव्यात; आणि उघडउघड निराधार तक्रारी वारंवार करणाऱ्याच्या तक्रारी काही काळ घेणेच बंद करायचे. अमेरिकेतल्या ट्रेडमार्कच्या तक्रारींसाठी यातले काहीच कायद्यात नाही. पण युरोपात सिलुएटचा निकालही अजून उभा आहे. म्हणून न्यूयॉर्कच्या दुकानातून रीतसर बिलाने घेतलेल्या पर्सा पॅरिसमध्ये विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याची लिस्टिंग निघाली तर आता त्याला कारण कळेल, अपील करता येईल, आणि त्या अपिलात तो हरेल. त्याच पर्सा ओहायोतून विकणाऱ्याचा हक्क १९०८ पासूनच्या निकालांनी बराच मजबूत केलेला आहे, पण त्याची लिस्टिंग निघाली तर तो हक्क कुठे मांडायचा, यासाठी त्याच्याजवळ तक्रारदाराच्या ईमेल पत्त्याखेरीज आजही फारसे काही नाही.